पाण्याखाली न पोहोचलेली बातमी

तुम्ही उलट्या बादलीवर बसला होतात. गुडघ्यांवर हात, तोंड मेथीच्या वाफ्याकडे. मी तुमच्यापासून पंधरा पावलांवर गवत उपटत होते. रविवारची सकाळ, दहाचा सुमार, बेलव्ह्यूला क्वचित पडतं तसं स्वच्छ ऊन. आणि मी तुमच्याशी बोलत नव्हते.

हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नव्हतं. तुमच्या बहिणीला, शैलाताईंना, एवढंच म्हटलं की बागेत काम करता करता गेले, त्रास झाला नाही. लोकांनाही तेच ऐकायचं असतं. पण तुमच्यापासून काय लपवायचं? आदल्या संध्याकाळपासून मी अबोला धरला होता. सकाळचा चहा न बोलता पुढ्यात ठेवला. गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. बागेत आल्यावर तासाभरानं तुम्ही म्हणालात, "सुनंदा, पाणी देतेस का जरा?" आणि मी ऐकूच न आल्यासारखं केलं.

मग माझी मलाच लाज वाटली. बाटली घेऊन आले, मागूनच पुढे केली, म्हटलं, "घ्या." तुम्ही घेतली नाहीत. मला वाटलं, आता यांची पाळी. रुसा, म्हटलं मनात. बाटली तुमच्या पायाशी ठेवली आणि परत गवताकडे गेले. दहा मिनिटं गेली असतील. जास्तही असतील. शेजारच्या वाफ्याची ती कोरियन आजी आहे ना, तुम्हाला कोबीची रोपं देणारी, ती समोरच्या पायवाटेनं आली. ती समोरून आली म्हणून तिला तुमचा चेहरा दिसला. तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं. पाणी वेळेवर दिलं असतं तरी काही फरक पडला नसता. मी मान हलवली. मला ते कळलं नाही, अजूनही कळत नाही. माणूस पाणी मागतो, आणि मग माणूस नसतो. मधलं काही असायला हवं ना? तीस वर्षांच्या संसारात तुम्ही बाजारातून परत आलात तरी दारात दोनदा खाकरायचात. आणि हे असं?

भांडण कशावरून झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण त्या भांडणाचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की समुद्रातून क्षेपणास्त्रं सोडली. कुठे पडली त्या जागेचं नाव सांगितलं, धूर दाखवला. कोणत्या जहाजानं सोडली, का पाणबुडीनं, ते सांगितलं नाही. तुम्ही टीव्ही बंद केलात, लॅपटॉप मांडीवर घेतलात आणि दोन बोटांनी टाइप करायला लागलात. मी मागून वाचलं. इंग्रजी अक्षरांत तुमचं मराठी: केतकी, टीव्हीवर पाहिलं.

"काय विचारताय तिला?" मी म्हटलं.

"विचारतो नं. होती का तिथं ते."

"ती सांगू शकत नाही हे माहीत आहे तुम्हाला. तिचे मेल दुसरे लोक आधी वाचतात."

"वाचू दे."

"आपण आईबाप आहोत तिचे, चौकशी आयोग नाही."

तुम्ही चष्मा काढलात. "बापानं नाही विचारायचं तर कोणी विचारायचं, सांग? सरकार विचारणार आहे का तिला, की पोरी, तुला कसं वाटलं म्हणून?"

"तो मेल गेला तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

तुम्ही लॅपटॉप मिटलात. म्हणालात, "बरं. आत्ता नाही पाठवत." त्या 'आत्ता'वरून मी अबोला धरला.

केतकी पाणबुडीत आहे हे अजून मला सरळ सांगता येत नाही. आपल्या मंडळातल्या बायका विचारतात, मुलगी काय करते, तर मी 'नेव्हीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे' म्हणते, आणि त्या 'अरे वा' म्हणून आपल्या मुलांच्या कंपन्यांची नावं सांगतात. तुम्ही मात्र सरळ सांगायचात. समोरच्याला कळो न कळो, तुम्ही हातानं आकार काढून दाखवायचात. एवढी लांब. अणुभट्टीवर चालते. हवा, पाणी सगळं आतच तयार करतात, फक्त खायचं संपलं की वर यावं लागतं. आधी हिच्यात अण्वस्त्रं होती, ती काढून त्या जागी क्रूझ क्षेपणास्त्रं बसवलीत, दीडशेच्या वर. पंख असतात त्यांना, जमिनीलगत उडत जाऊन नेमक्या एका घरावर पडतात. हे शेवटचं वाक्य बोलताना तुमचा आवाज बारीक व्हायचा.

पहिल्यांदा आपण पाणबुडी पाहिली तो दिवस आठवतो? केतकी सोळा वर्षांची होती. शैलाताईंची गाडी मागून घेऊन आपण समुद्रकिनारी निघालो होतो आणि हूड कनालच्या खाडीवरच्या तरंगत्या पुलावर वाहतूक थांबवली. पूल मधून उघडला. तुम्ही म्हणालात, बोट जात असेल. लोक गाड्यांतून उतरले. मग ती आली. काळी पाठ, पाण्यातून जेमतेम वर आलेली, बाजूला पहाऱ्याच्या बोटी, आणि कसलाही आवाज नाही. एवढी मोठी वस्तू आणि आवाज नाही. केतकी कठड्याशी जाऊन उभी राहिली ती पूल परत जोडला तरी हलेना. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. तुम्ही तिला हाताला धरून आणलंत. ती म्हणाली, "बाबा, हाउ डू दे सी?" तुम्ही म्हणालात, "बघत नाहीत पोरी. ऐकतात."

चार वर्षांनी जेवणाच्या टेबलावर तिनं सांगितलं की कॉलेज सोडून भरती होतेय. तुम्ही घास खाली ठेवलात. विदर्भातल्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात तुम्ही बावीस वर्षं लेथवर तोफगोळ्यांची कवचं कातलीत. पक्की नोकरी, क्वार्टर, अंगणातलं सीताफळ, सगळं सोडून शैलाताईंच्या अर्जावर आपण या देशात आलो, ते ही पोरगी त्या धंद्यापासून लांब जावी म्हणून. असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, त्या दिवशी म्हणालात.

केतकी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही बनवलेले गोळे कुठे पडले, तुम्हाला कधी कळलं?"

"नाही."

"मला कळेल. आय वॉन्ट टू नो."

"आणि कळल्यावर काय करशील?"

भात गार झाला. तो वाद तिथेच राहिला. पुढे तुम्ही तिच्या परेडला गेलात. पाणबुडीची परीक्षा पास झाल्यावर ती रुपेरी डॉल्फिनची खूण मिळते, ती तिच्या छातीवर तुम्हीच लावलीत. सगळे म्हणाले, किती अभिमान वाटत असेल. अभिमान होताच. पण तो वाद मिटला असं त्यांना वाटलं, ते खोटं होतं. तिला काम मिळालं तेही नेमकं क्षेपणास्त्रं सोडण्याच्या यंत्रणेवर. तुम्ही मला म्हणालात, "हुकूम दुसऱ्याचा, नेम हिचा." आणि आंघोळीला गेलात.

तुम्ही गेलात तेव्हा ती पाण्याखाली होती. कुठे, ते कुणालाच माहीत नाही, निदान आपल्यासारख्या कुणाला नाही. तिची पाणबुडी पॅसिफिकमधल्या एका बेटाशी असते. माणसांच्या तुकड्या दोन, एक निळी, एक सोनेरी. विमानानं जातात, एकमेकांची जागा घेतात, महिनोन् महिने गडप होतात. निघायच्या आधी तिनं आपल्याला सांगितलं होतं, की एक फॉर्म भरून दिलाय. घरी काही वाईट झालं तर मला खाली असताना सांगू नका, असं त्यात लिहिलंय. "तिथून बाहेर पडता येत नाही, आई. कळून मी काय करणार?" तुम्ही लगेच म्हणालात, "बरोबर आहे तुझं." मला तेव्हा रागच आला होता तुमचा.

मंगळवारी लिंडा आली. लिंडाचा नवरा त्याच पाणबुडीवर वरच्या हुद्द्यावर आहे, आणि घरच्यांचं काही असेल तर ती मधला दुवा. फेरीबोटीनं खाडी ओलांडून, हातात भाजलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन आली. तुमच्या खुर्चीवर बसली. तिला काय माहीत ती कुणाची खुर्ची!

"तिनं नको लिहिलंय," लिंडा म्हणाली, "पण तुम्ही आई आहात. तुम्ही म्हणालात तर मी कॅप्टनपर्यंत पोहोचवीन. पुढचं तो ठरवेल."

शैलाताई माझ्या शेजारी होत्या. "सांगायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकुलती एक लेक. बापाचं तोंड नको बघायला?"

मी लिंडाला विचारलं, "सांगितलं तर तिला घरी सोडतील?"

लिंडा म्हणाली, "बोट यासाठी वर येणार नाही, हनी. शी विल नो, अँड शी विल स्टे."

कळेल, आणि तिथेच राहील. मी म्हटलं, नका सांगू. शैलाताई उठून आत गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला ते बरंच वाटलं. अबोला कसा लागतो ते मलाही कळायला हवं होतं.

फ्युनरल होममध्ये तिथल्या माणसानं हलक्या आवाजात विचारलं, दहनाच्या भट्टीचं बटण कोण दाबणार? भिंतीवर हिरवं बटण होतं, लिफ्टला असतं तसं. शैलाताईंचे यजमान पुढे आले. मी म्हटलं, थांबा. केतकीचा मान तो, ती नाही तर मी. दाबलं. आत काहीतरी घरघरलं. मी तिथे उभी राहून विचार करत होते की घरी गेल्यावर तुम्हाला सांगायचं, इथे बटण असतं म्हणून. हे खरंच माझ्या मनात आलं. असं दिवसातून चार वेळा येतं.

बोट मधूनच वरच्या पाण्यात येते तेव्हा त्यांचे मेल सुटतात; तेराव्याच्या आधीच तिचा मेल आला. तुमच्या नावावर. 'हाय बाबा, मिरच्या लावल्या का? आईला सांगा, तिचा चिवडा संपला, एका टेक्ससच्या मुलानं संपवला.' मी माझ्या नावानं उत्तर दिलं: मिरच्या लावल्या, थंडी कमी झाली. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त तुमच्याबद्दल काहीच लिहिलं नाही. दुसरा मेल आला, तसाच, तुम्हालाच. तिसऱ्यात तिनं विचारलं, 'बाबा का लिहीत नाहीत? बिझी?'

मी तुमचा लॅपटॉप उघडला. न पाठवलेलं ते एक पत्र तिथे होतं. त्याला मी हात लावला नाही. आपल्या शेवटच्या भांडणाचं कारण होतं ते, मला ते बघायचंसुद्धा नव्हतं. नवीन मेल घेतला आणि तुमच्यासारखं लिहायला बसले. 'केतकी, मी मजेत आहे. मेथी चांगली आली. वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम चालू आहे. काळजी घे. बाबा.' एवढ्या चार वाक्यांना दोन तास लागले. पाठवलं आणि लॅपटॉप मिटला.

तिचं उत्तर काही दिवसांनी आलं. 'थँक्स बाबा. यू टू. काळजी घ्या.' मी सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर तिचे मेल जास्तच यायला लागले, आणि मोकळे. शनिवारचा पिझ्झा, व्यायामाचं एकच यंत्र आणि त्यापुढची रांग, स्वयंपाक्यानं केलेला केक कसा तिरका बसला. प्रत्येक मेल तुम्हाला. शेवटी, 'आईला त्रास देऊ नका.' मी वाचायची आणि वाटायचं, बरं झालं, तिला काही कळलं नाही. पोरगी खाली तरी सुखात आहे.

तुम्ही गेल्याला सत्तेचाळीस दिवस झाले आणि लिंडाचा फोन आला. बोट बेटावर लागलीय. कॅप्टन तिला स्वतः बोलावून सांगेल, मग ती मला फोन करेल. मी ओट्याला टेकून उभी राहिले. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. कसं झालं, कुठे झालं, त्रास झाला नाही.

"आई."

"बाळा..."

"आई, ऐक. मला माहीत होतं."

मला वाटलं, फोन नीट लागला नाही.

"काय माहीत होतं?"

"बाबांचा तो मेल तू लिहिला होतास. बाबांनी मला लाइफमध्ये कधी 'काळजी घे' लिहिलं नाही, आई. ते लिहायचे, डोकं ठिकाणावर ठेव. आणि बाबा कधी मजेत नसायचे. बाबा 'ठीक' असायचे."

मी खाली बसले, तिथेच, ओट्याशी, फरशीवर.

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुला खरं लिहावं लागलं असतं. ते मेल वाचणाऱ्यांनी अडवलं असतं. मग तुला वाटत राहिलं असतं की मला कळलंय का, नाही कळलं. आणि मी साइन केलं होतं ना. नको सांगू म्हणून. माझंच होतं ते."

"आणि ते सगळे मेल? पिझ्झाचे?"

"मग काय लिहिणार होते? तू वाचतेयस हे माहीत होतं."

एकतीस दिवस. तिनं मोजले होते. नऊ जणींच्या झोपायच्या खोलीत, बर्थचा पडदा ओढून, तोंडात टॉवेल कोंबून ती रडायची, आणि सहा तासांनी उठून त्या यंत्रणेसमोर जाऊन बसायची. तिथे कुणालाही सांगितलं नाही, कारण कुणी कॅप्टनला सांगितलं असतं. मी समजत होते की मी तिला वाचवलं. प्रत्यक्षात ती एकटी बसून मला वाचवत होती, आणि दोघीही मेलेल्या माणसाच्या आडून पत्रं लिहून. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडू शकले नव्हते. त्या दिवशी फरशीवर बसून रडले. शैलाताई धावत आल्या, त्यांना वाटलं केतकीला काही झालं.

विमानानं परत आलेल्या तुकडीला आणायला इकडच्या तळावर घरच्यांची गर्दी होती. फुगे, पाट्या, लहान मुलं. मी स्वतः गाडी चालवत गेले, हे ऐकताय ना? तुम्ही शेजारी बसून "ब्रेक! अगं ब्रेक!" म्हणून ओरडून मला शिकवलंत, मी तीनदा नापास झाले, तुम्ही चौथ्यांदा फी भरलीत. तेव्हा किती शिव्या घातल्या होत्या मी तुम्हाला मनात! हायवेवर लेन बदलताना मोठ्यानं म्हटलं, आभारी आहे हो. शेजारची सीट रिकामी होती. पण म्हटलं.

ती बसमधून उतरली. बारीक झालीय. चेहरा पांढरा, महिनोन् महिने ऊन नाही. गळ्यात पडली. लिंडानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाजूला झाली. "किल्ली दे," केतकी म्हणाली, मग स्वतःच म्हणाली, "नको. काही दिवस ड्राइव्ह करू नका म्हणतात. लांबचं बघायची सवय गेलेली असते." तेव्हा मीच आणलं तिला.

फेरीबोटीत आपली गाडी खालच्या डेकवर होती. बाकीचे सगळे वर गेले, कॉफी प्यायला, पाणी बघायला. ती नको म्हणाली. आम्ही गाडीतच बसलो. तिथे मी तिला सांगितलं. सगळं. अबोला, पाणी मागितलंत ते, मी ऐकूच न आल्यासारखं केलं ते, पायाशी ठेवलेली बाटली. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. मला वाटलं ती हात सोडेल.

तिनं हात सोडला नाही.

"दिलंस ना पण."

"उशिरा."

"दिलंस ना, आई."

मग तिनं विचारलं, भांडण कशावरून? तेही सांगितलं. तिनं फोन पुढे केला. "तो ड्राफ्ट वाचायचाय मला. मला वाचायला जमणार नाही, तू वाच." मी तुमचा मेल उघडला. तुमच्या वेड्यावाकड्या स्पेलिंगचं इंग्रजी अक्षरांतलं मराठी मी मोठ्यानं वाचलं, तुम्ही लिहिलं होतं तसं:

'केतकी, टीव्हीवर पाहिलं. तू होती का नव्हती, सांगू नको. तुला सांगता येत नाही मला माहीत आहे. तू एकदा विचारलं होतं, बाबा तुमचे गोळे कुठे पडले. मी तेव्हा नाही म्हटलं. खरं म्हणजे मी कधी विचारलंच नाही. विचारता आलं असतं, एकदा एक मेजर आला होता कारखान्यात, त्याला विचारता आलं असतं. मी चहा दिला. तू माझ्यापेक्षा हिमतीची आहे. पण कळलं तर एकटी बसू नको. मला सांगता नाही आलं तरी माझ्यापाशी येऊन बस. मी काही'

तिथेच संपलं. त्याच ठिकाणी मी मागे येऊन उभी राहिले असणार.

म्हणजे तुम्ही विचारत नव्हतात. मला म्हणालात 'विचारतो नं', आणि लिहीत होतात 'सांगू नको'. का नाही सांगितलंत मला? का नाही म्हणालात, सुनंदा, पूर्ण वाच आधी? मी पहिली ओळ वाचली आणि भांडले. तीस वर्षं मी हेच करत आले, आणि तुम्ही तीस वर्षं पूर्ण वाच म्हणाला नाहीत. याचा मला राग आहे. तुम्ही गेलात तरी आहे.

"पुढे काय लिहिणार होते?" केतकीनं विचारलं.

"माहीत नाही गं."

फेरीचं इंजिन गाडीच्या पत्र्यात थरथरत होतं. मी धीर करून म्हटलं, "केतकी, तू..."

"नको, आई."

"बरं."

"बाबांनाही सांगता आलं नसतं. पण त्यांच्यापाशी बसले असते ना, तर त्यांना कळलं असतं. ते ऐकत बसले असते." मग ती माझ्याकडे वळली. "तुला बसता येईल का तसं? न विचारता?"

मला येत नाही हो. तुम्हाला माहीत आहे, मला गप्प राहता येतं ते फक्त रागानं. पण मी हो म्हटलं. पाण्यावर अर्धा तास गेला असेल. मी एक शब्द बोलले नाही. ती माझ्या खांद्याला टेकून होती आणि तिचं अंग मधूनच हलत होतं. काय होतं तिच्या मनात, तुम्ही होतात का ती धुराची जागा होती, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. वरून भोंगा वाजला तेव्हा लोक गाड्यांकडे धावत आले.

तुमच्या अस्थी कपाटात होत्या, तिची वाट बघत. शैलाताईंनी सुचवलं की इथल्याच खाडीत सोडू, बरेच जण सोडतात, फेरीबोटवाले थोडं थांबतातसुद्धा. केतकी एकदम म्हणाली, "खोल पाण्यात नको." "खूप अंधार असतो खाली. बाबांना नदीत सोडू. आपल्या गावच्या. गुडघाभर पाण्यात, ऊन असेल तिथे." तेव्हा तिकिटं बघतोय. तिला रजा मिळेल. त्यानंतर ती परत जाणार का, तिनं सांगितलेलं नाही. अजून दीड वर्षाचा करार आहे. तुम्ही असता तर तिच्याशी वाद घातला असता, तिनंही घातला असता, भात गार झाला असता. तुमची बाजू मला मांडता येत नाही, आणि तिची बाजू घ्यायची हिंमत होत नाही.

घरी आली त्या दिवशी ती दुपारी झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊपर्यंत. मी मधून मधून दारातून डोकावत होते. माणूस झोपलेला आहे ना, श्वास चालू आहे ना, हे बघायची मला आता सवय लागलीय. सकाळी मी पोह्यांना कांदा चिरत होते. तिच्या खोलीचं दार उघडलं. पावलं वाजली, बाथरूमचा नळ वाजला. आणि मग, जशी शाळेत असल्यापासून रोज मारायची तशी, झोपेच्या भरात, बोळातून तिची हाक आली.

"बाबा!"

नळ बंद झाला. तिला कळलं असणार. घरात अशी शांतता झाली की शेजारच्या फ्लॅटमधलं भांडं ऐकू आलं. पन्नास दिवसांनी या घरात कुणी तुम्हाला हाक मारली होती. माझ्या हातात सुरी तशीच. ती बोळात उभी, मी इथे. ती हाक अशी अधांतरी राहिलेली मला बघवेना.

मी ओ दिली.